दिवसा लावलेला दिवा

दिवाळी या शब्दाची शेवटची वेलांटी काढून तिथे मात्रा दिली की दिवाळे होते. शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना हा चमत्कार मी अनेकदा पाहिला आहे. एका मुलाने निबंधात 'आमच्या घरी दरवर्षी मोठे दिवाळे असते' असे लिहिले होते, आणि त्याच्या वडिलांचा धंदा ठाऊक असल्यामुळे ही चूक दुरुस्त करावी की तशीच ठेवावी असा प्रश्न मला क्षणभर पडला होता. पण दोन्ही शब्दांच्या मुळाशी दिवाच आहे. व्युत्पत्ती सांगणारे सांगतात, की पूर्वी ज्या व्यापाऱ्याला देणे फेडणे अशक्य होई, तो आपल्या पेढीवरची गादी उलटी करी आणि भर दुपारी दारात दिवा लावून ठेवी. उन्हात जळणारा तो दिवा पाहिला की रस्त्याने जाणारा माणूस समजून जाई. अमक्याचे दिवाळे निघाले!

मला या चालीत जी गोष्ट विलक्षण वाटते ती ही, की दिवा लावणारा स्वतः तो व्यापारीच असे. सावकाराने येऊन लावायचा नाही, शेजाऱ्याने बोभाटा करायचा नाही. ज्याने पेढी उघडताना लक्ष्मीपूजनाचा दिवा लावला, त्यानेच पेढी बुडताना हाही दिवा लावायचा. तेल त्याचे, वात त्याची, हातही त्याचाच.

सध्या नेतृत्व या विषयाला फार चांगले दिवस आले आहेत. आप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तके घ्यायला गेलो की दुकानाच्या दर्शनी फळीवर हीच पुस्तके दिसतात. अमुक उद्योगपती कसा घडला, तमुक कंपनी कशी जिंकली. ही सगळी पुस्तके यशस्वी माणसाच्या मागून चालतात आणि त्याच्या पावलांचे ठसे मोजतात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. व्यवस्थापनशास्त्राशी माझी ओळख या फळीपुरतीच. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक गोष्ट सवयीने कळते. माणूस कसा आहे हे पाहायचे असेल तर त्याला हरू द्यावे लागते. म्हणून या दिवाळीत मी वाचकांना एका बुडालेल्या पेढीची हकीकत सांगणार आहे. सणाच्या दिवशी अभद्र विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. त्या पेढीचे नाव तरी लक्ष्मीच्या वाहनाचेच होते.

पेढीचे नाव 'टायनी आऊल', म्हणजे पिटुकले घुबड. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या पाच तरुणांनी २०१४ साली ती काढली. हर्षवर्धन मंदाड हे त्यांतले मुख्य. कल्पना सोपी होती. मोबाइलवर जवळपासच्या उपाहारगृहांची यादी पाहायची, हवा तो पदार्थ बोटाने निवडायचा आणि घरबसल्या जेवण मागवायचे. आज ही गोष्ट नारायण पेठेतल्या आजीबाईदेखील करतात. तेव्हा ती नवलाईची होती. २०१५ सालच्या फेब्रुवारीत या मुलांना मोठमोठ्या भांडवलदार संस्थांकडून सुमारे शंभर कोटी रुपये मिळाले. शंभर कोटी! आमच्या पेठेतल्या कितीतरी खानावळवाल्यांनी साऱ्या जन्मात वाढलेल्या ताटांची किंमत एकत्र केली तरी एवढा आकडा होणार नाही.

पैसा आला तशी एकामागून एक शहरांत कचेऱ्या उघडल्या गेल्या. त्यांत पुणेही होते. माणसे भराभर घेतली गेली. आणि मग त्याच वर्षी, सप्टेंबरात, शंभराहून अधिक माणसे कमी झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेवढीच. पुण्यासह काही शहरांतल्या कचेऱ्या बंद करण्याचे ठरले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होते. घरोघर भाजणीचा वास सुटलेला असताना ही बातमी आली.

ती सांगायला पाचांपैकी एक संस्थापक पुण्याच्या कचेरीत स्वतः आला. थकलेला पगार आणि भरपाई यांच्यासाठी पुढल्या तारखांचे चेक देऊ केले गेले. कर्मचाऱ्यांनी ते घेतले नाहीत. सगळी रक्कम हातात पडल्याशिवाय तुम्हाला इथून जाऊ देणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते खरेही केले. दोन दिवस तो तरुण त्या कचेरीतच अडकून होता. साऱ्या देशातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली. पुढे २०१६ साली ही कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन 'रनर' या नावाने काही काळ चालली, आणि २०१७ साली ती 'झोमॅटो'ने घेतली. घुबड उडून गेले.

यात चुकले कोण, हा प्रश्न मी जितक्या जणांना विचारला तितक्यांनी लगेच उत्तर दिले. निवृत्त मंडळी म्हणाली, पोरवयात एवढा पैसा हाती दिला की दुसरे काय होणार? तरुण म्हणाले, धंद्यात हे चालायचेच. मला दोन्ही उत्तरे फार लवकर दिलेली वाटतात.

धंदा बुडणे हे पाप नव्हे, हे आधी मान्य करायला हवे. त्याच सुमारास बंगळूरची 'डेझो' ही अशीच जेवणाची कंपनी बंद पडली. खुद्द झोमॅटोनेही त्या वर्षी सुमारे तीनशे माणसे कमी केली होती. ती तगली, मोठी झाली, २०२१ साली शेअर बाजारात आली. म्हणजे माणसे कमी करावी लागणे ही गोष्ट जिंकणाऱ्याच्या वाट्यालाही आली आणि हरणाऱ्याच्याही. पाऊस हुकला तर शेतकऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही. मग पुण्याच्या कचेरीतली ती माणसे इतकी का खवळली? नोकरी काय, पुन्हा मिळते. त्या वयात तर मिळतेच.

मला वाटते, याचे उत्तर त्या पुढल्या तारखेच्या चेकात आहे. पुढल्या तारखेचा चेक म्हणजे नुसता कागद नव्हे. 'माझ्यावर अमुक तारखेपर्यंत विश्वास ठेवा' अशी ती विनंती आहे. ज्याच्यावर कालपर्यंत ठेवलेला विश्वास आज सकाळी फोल ठरला, तोच माणूस दुपारी आणखी थोडा विश्वास उधार मागतो आहे! रक्कम लहान असेल, हेतूही प्रामाणिक असेल. पण अपमान व्हायचा तो झालाच. चेक न घेता त्यांनी माणूसच तारण ठेवून घेतला. हे गैर होते. कुणालाही कोंडून ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि माणुसकीलाही धरून नाही. कोंडणाऱ्यांची बाजू कितीही खरी असली तरी दाराला लावलेली कडी खरी ठरत नाही. त्यातून कोंडला कोण गेला, तर जो स्वतः तोंड दाखवायला आला तो. भांडवल देणारे आणि हिशेब पाहणारे दूर आपापल्या जागी होते. कागदावरून काढून टाकण्याची सोय असताना तो तरुण गाडीत बसून पुण्याला आला, एवढे श्रेय मी त्याला मोकळ्या मनाने देतो. दिवा लावायला तो आला होता. फक्त तोवर संध्याकाळ झाली होती.

म्हणजे प्रश्न वेळेचा आहे. आणि इथे गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

अशा कंपनीचे गणित कसे चालते ते थोडक्यात सांगतो. समजा, तुम्ही तीनशे रुपयांचे जेवण मागवले. कंपनीने तुम्हाला शंभर रुपयांची सूट दिली. उपाहारगृहाला आपले पैसे हवे, जेवण पोहोचवणाऱ्या पोऱ्याला आपली मजुरी हवी. ही तूट भांडवलदाराने दिलेल्या पैशातून भरायची. प्रत्येक ताटामागे तोटा. आणि जितकी ताटे जास्त तितका तोटा जास्त. तरीही ताटे वाढवायची, कारण ताटे वाढताना दिसली तरच पुढचा भांडवलदार पैसे देणार, आणि एक दिवस लोकांना सवय लागली की सूट बंद करून नफा कमावता येणार. तो एक दिवस येईपर्यंत दम टिकला पाहिजे. २०१५ सालच्या उत्तरार्धात भांडवलदारांनी हात आखडला आणि कित्येकांचा दम मध्येच संपला.

(जाता जाता सांगतो, त्या शंभर रुपयांच्या सुटीचे जेवण जेवलो आपणच. बाराशेची पैठणी दोनशेला मिळू लागली तर आपण विणकराची चौकशी करतो. जेवणाची मात्र कुणी केली नाही.)

आता अशा धंद्याच्या कर्त्याने करावे काय? पैसा चार महिन्यांपुरता उरला आहे हे त्याला कळते. त्याने हे सगळ्यांना सांगावे? सांगितले तर दुसऱ्या दिवशी चांगली माणसे नोकरी सोडतील, देणेकरी दारात बसतील, नवा भांडवलदार पाठ फिरवील, आणि कदाचित वाचू शकली असती ती पेढी नुसत्या सांगण्यानेच बुडेल. दुपारी लावलेला दिवा दिवाळे जाहीर करतो, आणि वेळप्रसंगी ते घडवूनही आणतो. नावाड्याने पाणी आत येताना पाहिले म्हणून लगेच ओरडावे काय? उतारू एका बाजूला धावतील आणि पाण्याने बुडायची ती नाव घाबरटपणाने बुडेल. नेत्याने थोडा वेळ गप्प राहावे, हसतमुख राहावे, हेही त्याचे कर्तव्यच असते. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने मला हा मुद्दा इतक्या पोटतिडिकेने सांगितला, की मी त्याच्याशी वाद घालू शकलो नाही. बरेच दिवस तो माझ्या मनात घोळत राहिला.

त्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळाले. तोही अशाच एका नव्या कंपनीत होता. ती कोणती हे सांगण्याचे कारण नाही. एके सकाळी त्याचे ओळखपत्र दाराला लावले तर दार उघडेना. मग मोबाइलवर पत्र आले. तो संध्याकाळी माझ्याकडे आला, चहा घेतला, बराच वेळ गप्प बसला. मी आपले शिक्षकी सांत्वन केले: एवढे काय, दुसरी नोकरी मिळेल. तो म्हणाला, "सर, नोकरीचं काही नाही हो. पण पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, चांगली मुलं आण. मी दोघांना आणलं. त्यातल्या एकानं हातची बँकेतली नोकरी सोडली. आता त्याच्या आईला मी तोंड कसं दाखवू?"

रेषा इथे आहे. कर्त्याने आपली भीती पोटात ठेवावी. तो त्याचा अधिकार आहे, कदाचित धर्मही. पण ज्या दिवशी तो दुसऱ्या कुणाला म्हणतो, 'ये, तुझेही काही या डावावर लाव', त्या दिवसापासून गप्प राहण्याचा अधिकार संपतो. भांडवलदार दहा नावांत थोडे थोडे पैसे ठेवतो. नऊ बुडाल्या आणि एक तरली तरी त्याचे भागते, आणि हे गणित त्याला आधीपासून ठाऊक असते. पंचविशीतला मुलगा मात्र एकाच नावेत बसतो, आणि त्याचा ऐवज म्हणजे त्याच्या आयुष्यातली दोन-तीन वर्षे. विचित्र गोष्ट अशी, की हिशेबाचे कागद दर महिन्याला दहा नावावाल्याकडे जातात, आणि एका नावावाल्याला आनंदमेळाव्याचे निमंत्रण जाते.

मराठीत नेता या शब्दाहून मला कर्ता हा शब्द अधिक आवडतो. नेता पुढे चालतो. मागे कोण गळाले हे त्याला वळून पाहावे लागते. घरातला कर्ता पुरुष मात्र (आणि पुष्कळ घरांत कर्ती बाई) पंक्तीच्या शेवटी जेवतो. आमच्या वाड्यात शेजारी एक खानावळ चालवणाऱ्या बाई होत्या. स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावहून आलेली मुले त्यांच्याकडे जेवत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा मुले गावी पळाली. बाईंकडे त्यांचे महिन्याचे पैसे आगाऊ जमा होते. बाईंनी वही काढली, उरलेल्या दिवसांचा हिशेब केला आणि एकेकाला फोन करून विचारले, "पैसे कसे पाठवू रे?" पुष्कळ मुलांनी नको म्हटले. त्यानंतरचे वर्ष बाईंनी कसे काढले ते मी पाहिले आहे. दागिने मोडल्याचे त्या बोलल्या नाहीत, पण गळा दिसत होता. खानावळ पुन्हा उघडली नाही. नेतृत्वाच्या पुस्तकांत बाईंचे प्रकरण येणार नाही, कारण त्यांचा धंदा बुडाला.

आणि पेठेतच राहत असल्यामुळे आणखी एक उदाहरण रोज समोर दिसते. शाळेत जाता-येता मी केसरीवाड्यावरून जातो. १९०८ साली केसरीतल्या लेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा लागली. ती त्यांनी मंडालेला काढली. केसरीत लिहिणारे हात एकाहून अधिक होते. पण अंकातल्या प्रत्येक ओळीखाली संपादक म्हणून आपली मान ठेवायची, हे टिळकांनी गृहीत धरले होते. न्यायालयात त्यांनी स्वतःच दिवसच्या दिवस बचावाचे भाषण केले, पण बचाव लेखांचा केला. 'हे मी लिहिले नाही' असा नव्हे. कुणी म्हणेल, कुठे लोकमान्य आणि कुठे जेवणाचे डबे पोहोचवणारी कंपनी! तुलना थोरवीची नाही. वृत्तपत्र हाही शेवटी पगारावर माणसे ठेवून चालवायचा व्यवहार आहे, आणि त्यातल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणे, की संकट आले तर ते आधी वरच्या माडीवर जाईल, मग खाली छापखान्यात येईल, याने काम करणाऱ्याच्या पाठीचा कणा ताठ राहतो.

याच्या उलट टोकाला औदार्याचाही एक मोह असतो. तेही २०१५ सालीच घडले. पवईतच जन्मलेली 'हाऊसिंग' नावाची घरे शोधून देणारी कंपनी तेव्हा गाजत होती. २०१४ च्या डिसेंबरात जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने तिच्यात नऊ कोटी डॉलर गुंतवले गेले होते. तिचे तरुण प्रमुख राहुल यादव यांचे संचालक मंडळाशी बिनसले. त्यांनी राजीनामा दिला, परत घेतला, आणि मे महिन्यात आपले सगळे शेअर कंपनीच्या दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना वाटून टाकले. देशभर वाहवा झाली. कर्णाची आठवण निघाली. १ जुलैला संचालकांनी त्यांना काढून टाकले, आणि २०१७ च्या जानेवारीत कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करण्याचे ठरले. शेअर वाटण्यामागच्या भावनेविषयी मी शंका घेत नाही. पण ज्या कंपनीचा तुम्ही रोज जाहीर तमाशा मांडता, तिचे शेअर वाटणे म्हणजे ज्या घराच्या भिंती आपण पाडतो आहोत त्याच्या किल्ल्या सर्वांना देण्यासारखे आहे. कर्मचाऱ्यांना दान नको होते. त्यांना कंटाळवाणा, शांत, रोज वेळेवर येणारा प्रमुख हवा होता. तो देणे शेअर देण्याहून कठीण असते; त्यात टाळ्या नसतात.

वयाचा मुद्दा निवृत्त मंडळी काढतात त्यात मात्र थोडे तथ्य आहे, वेगळ्या अर्थाने. पंचविशीतल्या मुलांना सगळे जण धाडस शिकवतात. शाळेतही आम्ही तेच करतो. गौरवाची सगळी भाषणे शिखरावर पोहोचलेल्यांची. उतरावे कसे, मागे फिरताना कुणाला आधी खाली सोडावे, दोर कुणाच्या कमरेला बांधावा, याचा पाठ आमच्या कुठल्याही इयत्तेत नाही. दोन दिवस त्या कचेरीत बसलेल्या तरुणाला त्याचा अभ्यासक्रम तिथेच पुरा करावा लागला, आणि परीक्षक फार रागावलेले होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याने नंतर नोकरी धरली नाही. केळकर रस्त्याजवळच्या एका बोळात त्याने मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान काढले आहे. हाताखाली दोन मुले आहेत. त्यांतला एक तोच, बँकेतली नोकरी सोडून आलेला. मालकाच्या टेबलावर एक लांबट वही असते. दिवसभरात आले किती, गेले किती, उसने किती, सगळे त्यात लिहिलेले असते. ती कुणीही उघडून पाहावी असा दुकानाचा नियम आहे. परवा चार्जर दुरुस्तीला दिला तेव्हा वही उघडीच होती. मी सवयीने दोन पाने मागे जाऊन बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या. आकडे मात्र काही फारसे बरे नव्हते. दोन्ही मुले खाली मान घालून कामात होती, आणि त्यातला एक मला म्हणाला, "सर, ते पान आम्ही पाहिलंय. तुम्ही चहा घेणार का?"